माणसं टिकतात कशानं? बेलव्ह्यूच्या हॉटेलांतला प्रश्न

वॉशिंग्टन तलावाच्या पूर्व काठावर बेलव्ह्यू आणि पश्चिम काठावर सिॲटल. मध्ये पाणी आणि त्यावर तरंगते पूल. 2025 साली या दोन शहरांच्या किमान वेतनात तासाला चार डॉलर दहा सेंटचा फरक होता. बेलव्ह्यूत वॉशिंग्टन राज्याचा सर्वसाधारण दर लागू होता, 16.66 डॉलर. सिॲटलनं स्वतः ठरवलेला दर होता 20.76 डॉलर. बेलव्ह्यूच्या दक्षिणेला असलेल्या रेंटनमध्ये मतदारांनी 2024 साली वेतनवाढीचा प्रस्ताव मंजूर केला होता, त्यामुळे तिथल्या मोठ्या कंपन्यांना 2025 मध्ये तासाला 20.90 डॉलर द्यावे लागत होते. आठवड्याचे 40 तास आणि वर्षाचे 52 आठवडे धरले, तर फक्त तलाव ओलांडण्यानं वर्षाला 8,528 डॉलरचा फरक पडत होता.

बेलव्ह्यूत हॉटेलांची वाण नाही. हयात रीजन्सी, वेस्टिन, डब्ल्यू, मॅरियट, इंटरकॉन्टिनेंटल अशी मोठी नावं शहराच्या मध्यभागी चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. शेजारच्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय, बेलव्ह्यूत टी-मोबाइलचं मुख्यालय आणि ॲमेझॉनच्या उंच इमारती. त्यामुळे कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांची वर्दळ सतत असते. पुण्याहून किंवा मुंबईहून प्रकल्पासाठी आलेले मराठी इंजिनिअर पहिले काही दिवस इथल्याच एखाद्या हॉटेलात काढतात. 2020 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 1,51,854 आहे आणि देशातल्या श्रीमंत शहरांत त्याची गणना होते. मात्र पाहुण्याची खोली आवरणारी, नाश्त्याच्या बशा उचलणारी, रात्री अकरानंतर काउंटरवर उभी राहणारी बहुतेक माणसं या शहरात राहत नाहीत. त्यांना इथलं घर परवडत नाही.

या माणसांच्या मनात नोकरी सोडण्याचा विचार का येतो, हा प्रश्न साऱ्या अमेरिकेला ऑगस्ट 2021 मध्ये ठळकपणे दिसला. त्या एका महिन्यात देशभरात सुमारे 43 लाख लोकांनी आपणहून नोकऱ्या सोडल्या. त्यांतले जवळपास नऊ लाख हॉटेल आणि खानपान क्षेत्रातले होते. त्या क्षेत्रातल्या प्रत्येक शंभर कर्मचाऱ्यांमागे सहाहून अधिक जण महिन्याभरात बाहेर पडले. कोविडच्या साथीच्या काळानं हा आकडा फुगवला हे खरं, पण साथीच्या आधीही हे क्षेत्र नोकरी सोडणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वरच्या जागी होतं आणि नंतरही राहिलं. म्हणजे कारणं जुनी आहेत आणि ती कामाच्या घडणीतच शोधायला हवीत.

पगार हे पहिलं कारण, आणि ते खोटं नाही. 2025 च्या 16.66 डॉलर दरानं पूर्णवेळ काम केलं तर महिन्याला करापूर्वी सुमारे 2,888 डॉलर होतात. घरावरचा खर्च उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत बसावा, ही अमेरिकेतली रूढ मोजणी. त्या हिशेबानं या माणसाला घरासाठी 866 डॉलर खर्च करता येतात. बेलव्ह्यूत तेवढ्या पैशांत स्वतंत्र घर मिळत नाही. हॉटेलांना माणसं मिळवण्यासाठी किमान दराच्या वर जावं लागतं, तरीही हे अंतर भरून निघत नाही. मग घर दूर दक्षिणेला, केंट किंवा ऑबर्नकडे, आणि तिथून येण्याजाण्यात दिवसातले दोन-तीन तास.

तरी केवळ पगारानं सगळं उलगडत नाही. तसं असतं तर बेलव्ह्यूतली सगळी माणसं एव्हाना सिॲटलला निघून गेली असती. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या अभ्यासकांनी 1958 सालीच सांगितलं होतं की नोकरी सोडण्यामागे दोन वेगळे प्रश्न असतात: सोडावीशी वाटते का, आणि सोडणं सोपं आहे का. 1977 मध्ये विल्यम मोब्ली यांनी त्यात मधल्या पायऱ्या दाखवल्या. आधी असमाधान, मग सोडण्याचा विचार, मग दुसरी नोकरी शोधण्यात फायदा आहे का याचा अंदाज, मग शोध, तुलना, ठरवणं आणि अखेर राजीनामा. यातली दुसरी पायरी सर्वांत लांब असते. माणूस महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं तिच्यावर उभा असतो. हॉटेलात ही पायरी कशी तयार होते, ते पाहायचं तर काम जवळून पाहावं लागतं.

सुरुवात शरीरापासून करावी लागेल. हाउसकीपिंगमधल्या बाईला एका पाळीत साधारण पंधराच्या आसपास खोल्या आवराव्या लागतात, म्हणजे एका खोलीला जेमतेम अर्धा तास. त्यात पलंग, न्हाणीघर, गालिचा, आरसे, कचरा, टॉवेल आणि सामानानं भरलेली ढकलगाडी. 1999 मध्ये वेस्टिननं ‘हेवनली बेड’ नावाचा पलंग बाजारात आणला: जाड गादी, एकावर एक चादरी, गुबगुबीत रजई, भरपूर उशा. पाहुण्यांना तो इतका आवडला की बाकीच्या साखळ्यांनीही आपापले पलंग तसेच करायला घेतले. पाहुण्याची झोप सुधारली. पलंग करणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र प्रत्येक खोलीत उचलायची जड गादी आणि घालायचे जास्तीचे अभ्रे आले, आणि खोल्यांची संख्या त्या प्रमाणात कमी झाली नाही.

या कष्टाची मोजदाद झालेली आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच हॉटेल कंपन्यांच्या 50 हॉटेलांतल्या तीन वर्षांच्या दुखापतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्व कर्मचाऱ्यांचा सरासरी दर वर्षाला शंभर माणसांमागे 5.2 दुखापती इतका होता, हाउसकीपिंगमध्ये तो 7.9 निघाला. लॅटिन अमेरिकी वंशाच्या हाउसकीपरांमध्ये तर 10.6. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती फार महत्त्वाची आहे: पाचांपैकी तीन कंपन्यांत दुखापतींचं प्रमाण उरलेल्या दोन कंपन्यांच्या जवळपास दुप्पट होतं. काम एकच, तरी कंपनी बदलली की दुखापतींचं प्रमाण बदलतं. म्हणजे ही दुखापत अटळ नाही, काम कसं करवून घेतलं जातं यावरही ती अवलंबून असावी. कॅलिफोर्नियानं जुलै 2018 पासून हॉटेलांच्या हाउसकीपिंगसाठी अशा दुखापती टाळण्याचा स्वतंत्र नियम लागू केला, अमेरिकेतला तसा पहिला. सिॲटलनं शंभर आणि त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांसाठी मर्यादा घातली: आठ तासांत 4,500 चौरस फुटांहून जास्त जागा साफ करायला लावली तर जादा दरानं पैसे द्यायचे. हा नियम सिॲटल शहरापुरता आहे. तलावाच्या पूर्व काठावर तो पोचत नाही.

दुसरा भार दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सेविकांचा अभ्यास करून दाखवलं की काही नोकऱ्यांत माणूस हातांच्या आणि डोक्याच्या जोडीला आपल्या भावनाही कामाला लावतो. चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवणं हाच तिथं कामाचा भाग असतो. हॉटेलचं काउंटर हे त्याचं नेमकं उदाहरण. विमान चुकलेला, मीटिंग फिसकटलेला, खोली मनासारखी न मिळालेला पाहुणा येतो आणि समोर दिसणाऱ्या माणसावर राग काढतो. खोलीचे दर त्या माणसानं ठरवलेले नसतात, खोल्या त्यानं जास्त विकलेल्या नसतात, तरी माफी त्यालाच मागावी लागते. दिवसाला एकदा हे सोसता येतं. पाळीत दहा वेळा घडलं की घरी गेल्यावर स्वतःच्या मुलांशी बोलायलाही जीव उरत नाही.

खोलीत एकट्यानं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत याला भीतीची जोड मिळते. शिकागोत हॉटेल कामगारांच्या संघटनेनं 2016 मध्ये केलेल्या पाहणीत हाउसकीपिंगमधल्या 49 टक्के बायकांनी सांगितलं की एखाद्या पाहुण्यानं नग्न अवस्थेत दार उघडलं होतं किंवा अंगप्रदर्शन केलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिॲटलच्या मतदारांनी तीन-चतुर्थांशांहून जास्त मतांनी हॉटेल कामगारांच्या संरक्षणाचा प्रस्ताव मंजूर केला. 2018 मध्ये न्यायालयानं तो तांत्रिक कारणावरून रद्द ठरवला, कारण एकाच प्रस्तावात अनेक विषय घातले होते. शहर परिषदेनं 2019 मध्ये तेच मुद्दे चार वेगळ्या कायद्यांत मांडून पुन्हा मंजूर केले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यानंही कायदा केला. एकट्यानं काम करणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्यांना धोक्याच्या वेळी मदत बोलावणारं बटण देणं 1 जानेवारी 2020 पासून साठ आणि त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना बंधनकारक झालं, पुढच्या वर्षी लहान हॉटेलांनाही. हा नियम राज्याचा असल्यानं बेलव्ह्यूतल्या बायकांच्या कमरेलाही आज ते बटण असतं.

तिसरी गोष्ट वेळ. हॉटेल चोवीस तास चालतं आणि पाळ्या साधारणपणे सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा असतात. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावलं तर मधल्या आठ तासांत घरी जाणं, झोपणं आणि परत येणं बसवावं लागतं. एप्रिल 2024 मध्ये बेलव्ह्यूत लाइट रेल्वेचा नवा मार्ग सुरू झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांची मोठी सोय होईल असं वाटलं. सुरुवातीच्या वेळापत्रकात गाड्या पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ धावत. अकराला सुटणाऱ्याला ती गाडी मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय कंपन्यांच्या कामासाठी येणारे पाहुणे सोमवार ते गुरुवार जास्त आणि शनिवार-रविवार कमी. खोल्या रिकाम्या असल्या की पाळी रद्द होण्याचा फोन येतो. तासावर पगार घेणाऱ्याचा तेवढा पगार बुडतो, घरभाडं मात्र पूर्ण भरावं लागतं.

ही नाराजी रस्त्यावरही आली आहे. 2018 च्या शरद ऋतूत मॅरियटच्या हॉटेलांतल्या सुमारे 7,700 कामगारांनी अमेरिकेतल्या आठ शहरांत संप केला. एका नोकरीत पोट भरायला हवं, अशी त्यांची साधी घोषणा होती. 2024 च्या सप्टेंबरात सुमारे दहा हजार हॉटेल कामगार पुन्हा संपावर गेले, त्यात सिॲटल परिसरातलेही होते. साथीच्या काळात कमी केलेली माणसं परत घेतली नाहीत आणि रोजची सफाई बंद केल्यानं शेवटी घाण साचलेली खोली एकदम आवरावी लागते, ही त्यांची मोठी तक्रार होती.

इतकं सगळं असूनही बरेच जण वर्षानुवर्षं टिकतात. मग त्यांना धरून ठेवतं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधणारं नामवंत संशोधन तलावाच्या पश्चिम काठावर, सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये झालं. टॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या प्राध्यापकांनी 1994 मध्ये मांडलं की नोकरी सोडण्याची सुरुवात दर वेळी असमाधानातून होत नाही. पुष्कळदा एखादा धक्का बसतो आणि माणूस थांबून पहिल्यांदाच स्वतःला विचारतो, आपण इथं का आहोत? हा धक्का वाईटच असतो असं नाही. बढती हुकणं किंवा साहेबाशी भांडण हा धक्का असू शकतो, तसाच जोडीदाराची बदली, बाळाची चाहूल, अचानक आलेला दुसऱ्या नोकरीचा फोन हाही धक्काच. पुढे त्यांनी 44 परिचारिकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा नोकरीवर नाराज नसतानाही सोडून गेलेल्या बायका त्यांना भेटल्या.

2001 मध्ये या दोघांनी सहकाऱ्यांसह आणखी एक निबंध लिहिला आणि प्रश्नच उलटा केला: लोक राहतात का? किराणा दुकानांच्या साखळीतले आणि रुग्णालयातले कर्मचारी त्यांनी अभ्यासले. माणूस नोकरीत रुजतो तो तीन गोष्टींनी, असं त्यांनी मांडलं. पहिली, माणसांशी आणि जागेशी असलेली नाती. दुसरी, आपला स्वभाव आणि आयुष्य त्या कामात, त्या गावात बसतं का. तिसरी, सोडून गेल्यास काय गमवावं लागेल. या तिन्ही गोष्टी त्यांनी दोन ठिकाणी मोजल्या, कामाच्या जागी आणि राहत्या वस्तीत. ज्याची मुळं जास्त, तो धक्का बसला तरी जागेवर राहतो.

हा विचार बेलव्ह्यूच्या हॉटेलांना लावून पाहिला की चित्र स्पष्ट होतं. वस्तीतली मुळं जवळजवळ नाहीतच. शाळा, देऊळ, चर्च, शेजार, मुलांचे मित्र, सगळं दूर दक्षिणेला. रेंटनमधून किंवा त्याच्याही पलीकडून येणारी बाई बेलव्ह्यूत फक्त कामापुरती असते. तिच्या घराच्या जवळ, तेही जास्त किमान वेतन देणाऱ्या गावात, हॉटेल उघडलं तर बेलव्ह्यू सोडताना वस्तीतलं काहीच तुटत नाही. गमावण्यासारखंही थोडंच. लांबच्या मुदतीचे फायदे कमी आणि राज्याच्या कायद्यानं 2020 पासून कमी पगारदारांना स्पर्धक कंपनीत जाण्यापासून रोखणारे करार रद्दबातल ठरवलेले. सायमन आणि मार्च यांच्या भाषेत सांगायचं तर सोडणं सोपं आहे.

कामाच्या जागची नाती जमायलाही अडथळे आहेत. आजच्या हॉटेल व्यवसायात दारावरचं नाव एका साखळीचं, इमारत दुसऱ्या मालकाची आणि कर्मचारी तिसऱ्याच व्यवस्थापन कंपनीचे, अशी रचना सर्रास असते. काही ठिकाणी सफाईचं काम चौथ्या ठेकेदाराकडे. बढतीची शिडी कुठून कुठे जाते, आपली तक्रार नेमकी कुणी ऐकायची, हे कर्मचाऱ्याला कळत नाही. मग सगळं नातं एका माणसाशी उरतं, आपल्या सुपरवायझरशी. तो चांगला असेल तर माणसं टिकतात, आणि तोच नोकरी सोडून गेला की त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं जातात.

मुळं मुद्दाम रुजवता येतात, याचं एक उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रोहित देशपांडे यांनी अंजली रैना यांच्यासोबत 2011 मध्ये यामागच्या कारणांवर लिहिलं. त्यांच्या नोंदीनुसार ताजमध्ये मोठ्या महानगरांपेक्षा छोट्या शहरांतून, आणि गुणांपेक्षा स्वभाव पाहून माणसं निवडली जात. नव्या कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण 18 महिन्यांचं असे, इतरत्र साधारण 12 महिन्यांचं. पाहुण्यासाठी जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार खालच्या पायरीवरच्या माणसालाही असे आणि चांगल्या कामाची दखल वरिष्ठांनी ताबडतोब घ्यावी अशी पद्धत होती. त्यांचा हा लेख नोकरी सोडण्याविषयी नव्हता, पण त्यातली प्रत्येक गोष्ट सिॲटलच्या संशोधकांनी सांगितलेल्या तीन मुळांपैकी एखाद्याला खतपाणी घालते. देशपांडे आणि रैना यांनी जे वर्णन केलं ते पगारवाढीपेक्षा जास्त वेळखाऊ आहे, कारण त्यासाठी वरिष्ठांना रोज माणसांकडे पाहावं लागतं.

हॉटेलमालकांनाही यात मोठा हिशेब आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या हॉटेल व्यवस्थापनाच्या संशोधकांनी काढलेल्या अंदाजांनुसार काउंटरवरचा एक कर्मचारी गेला की जाहिरात, मुलाखती, प्रशिक्षण आणि नव्या माणसाच्या चुका धरून हॉटेलचे काही हजार डॉलर जातात, आणि सर्वांत मोठा वाटा नवखेपणात बुडालेल्या कामाचा असतो. तोच पैसा आधी खर्च केला तर काय मिळेल? दोन आठवडे आधी ठरलेलं वेळापत्रक. रात्री अकराला सुटून सकाळी सातला परत यायला लावणं बंद. जड पलंगाला दोघी. कामाला येण्यासाठी बस आणि रेल्वेचा ओर्का पास. काम सोडून निघालेल्याची मुलाखत बहुतेक कंपन्या घेतात. जो अजून कामावर आहे त्याला सहा महिन्यांतून एकदा बसवून विचारणं फार ठिकाणी होत नाही: गेल्या काही आठवड्यांत सोडून जावंसं कधी वाटलं आणि त्या दिवशी काय घडलं होतं? त्या उत्तरात बहुधा तो धक्का सापडतो, आणि तो अजून दुरुस्त करता येण्यासारखा असतो.

घराचा प्रश्न एकट्या हॉटेलच्या आवाक्याबाहेरचा आहे. बेलव्ह्यू, रेडमंड आणि कर्कलंड ही शहरं किंग काउंटीसह 1992 पासून ‘आर्च’ या नावाच्या संस्थेमार्फत परवडणारी घरं उभारण्यासाठी एकत्र काम करतात. नव्या इमारतींत ठरावीक घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखणं, जुन्या स्वस्त इमारती विकत घेऊन वाचवणं, असे तिचे मार्ग आहेत. अशा एखाद्या घरात हॉटेलात काम करणारं कुटुंब राहायला आलं की त्या कुटुंबाची मुलं बेलव्ह्यूच्या शाळेत जातात, रात्रीची पाळी संपवून बाई वीस मिनिटांत घरी पोचते आणि रेंटनमधले तासाला चार डॉलर जास्त मिळवण्यासाठी तिला आता शाळा, शेजार आणि रोजची झोप सोडावी लागते. तिच्या मनातला हिशेब पहिल्यांदाच बेलव्ह्यूच्या बाजूनं झुकतो.